‘टाळू भरली’ : शिशुसंगोपनाच्या मराठी परिभाषेची समीक्षा

१

तान्ह्या मुलाची वाढ व त्याच्या दैनंदिन गरजा यांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, ते दोन निरनिराळ्या प्रवाहांतून झाले आहे आणि ह्या दोन प्रवाहांची गाठ क्वचितच पडते. पहिला प्रवाह वैद्यकीय उपदेशाचा. संगोपनविषयक पुस्तके, आरोग्यखात्याची पत्रके, दवाखान्याच्या भिंतीवरील तक्ते हे सर्व त्यात येते. दुसरा प्रवाह भाषाभ्यासाचा. मुलाशी बोलताना मोठी माणसे भाषेला कोणते वळण देतात, याचे वर्णन त्यात येते. पहिल्या प्रवाहात आशय तोलूनमापून घेतलेला असतो, परंतु शब्द म्हणजे तो आशय वाहून नेणारे निव्वळ भांडे होय, अशी समजूत दिसते. दुसऱ्यात शब्दांची चिकित्सा काटेकोर असते, परंतु ज्याच्यासाठी ते शब्द उच्चारले जातात ते मूल बाजूलाच राहते.

प्रस्तुत लेखात ह्या दोन्ही प्रवाहांची समीक्षा करून एक मुद्दा मांडावयाचा आहे. मूल सांभाळणाऱ्या घराचे स्वतःचे असे एक शब्दभांडार असते. त्यातील प्रत्येक शब्दाला अर्थाची सीमा असते आणि ती बहुधा पुस्तकातील शब्दाच्या सीमेशी जुळत नाही. ही सीमा न ओळखता दिलेला सल्ला ऐकला जातो, मान्यही केला जातो, आणि तरीही पाळला जात नाही. एवढेच नव्हे, तर तो पाळला गेला नाही हे सांगणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा अर्थविचाराचा एक मनोरंजक प्रश्न असेल, परंतु पाळण्यातील मुलाच्या दृष्टीने तो जिवाचा प्रश्न होऊ शकतो.

उदाहरणे मुख्यत्वे बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव, शेगाव व जळगाव जामोद ह्या तालुक्यांतील बोलण्यातून घेतली आहेत. लेखकाचे घर त्याच भागातील असल्याने ही बोली त्याने अभ्यासण्यापूर्वी ऐकलेली आहे. हे सर्वेक्षण नव्हे. सर्वेक्षण का व्हावयास पाहिजे, याचे निवेदन मात्र त्यात आहे.

२

आधी भाषाभ्यासकांकडे वळू. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. वऱ्हाडीच्या अभ्यासकाला आजही त्यापासूनच प्रारंभ करावा लागतो. ह्या सर्वेक्षणात निरनिराळ्या बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट आधारास घेतली होती. ह्या निवडीत तुलनेची सोय होती यात शंका नाही. परंतु त्या गोष्टीत बाप आहे, दोन मोठे मुलगे आहेत, चाकर आहेत, आणि आई मात्र नाही. घराच्या आतील बोलणे, बाळंतिणीच्या खोलीतील बोलणे, मांडीवरच्या मुलाशी केलेले बोलणे अशा नमुन्यातून हाती लागणे शक्य नव्हते. पुढील बोलीअभ्यासानेही बहुतांशी तोच कित्ता गिरवला. वऱ्हाडीविषयी आपण ‘मले’, ‘तुले’ ही रूपे सांगतो, ‘ळ’च्या जागी येणारा ‘य’ सांगतो, ‘करा लागते’ ही रचना सांगतो. ही बोली मुलाला कसे निजवते, हे मात्र सांगत नाही.

ह्या उणिवेवर पहिला भरीव उपाय १९६४ साली झाला. अशोक रा. केळकर यांचा मराठी बाळबोलीवरील लेख त्या वर्षी ‘वर्ड’ ह्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी ‘अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट’मध्ये अरबी, मराठी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी व स्पॅनिश अशा सहा भाषांतील बाळबोलींची तुलना केली. बाळबोली ही मुलाने निर्माण केलेली भाषा नसून मोठ्यांनी परंपरेने जपलेली व एका पिढीने दुसरीच्या हाती दिलेली भाषेची एक तऱ्हा आहे, ही गोष्ट ह्या अभ्यासांनी स्पष्ट केली. ‘बोबडे बोलणे’ म्हणून जे हसण्यावारी नेले जाई, त्याला नियम आहेत हे त्यांनी दाखविले. हे ऋण मोठे आहे.

त्यानंतरच्या संशोधनाने ह्या बोलण्याचे महत्त्व आणखी वाढविले. नवजात अर्भक परक्या स्त्रीच्या आवाजाहून आपल्या आईचा आवाज अधिक पसंत करते, असे डीकॅस्पर व फायफर यांनी १९८० साली प्रयोगाने दाखविले. वर्कर व टीस यांचा १९८४ सालचा प्रयोग तर आपल्याला विशेष जवळचा आहे. हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ यांतील भेद इंग्रजी बोलणाऱ्या घरातील मुले सहा ते आठ महिन्यांच्या वयात ओळखतात, परंतु वर्षाची होईपर्यंत ही क्षमता बहुतांशी मावळते, कारण त्यांच्या कानावर तो भेद पडत नाही. याचा अर्थ असा की, एकही शब्द न बोलणारे मूल आपल्या घराची उच्चारव्यवस्था आत्मसात करीत असते. ‘त्याला काय कळतंय’ असे म्हणून मुलाशी न बोलणे म्हणजे दिवसाची एक गरज न भागविणे होय. दूध, झोप व अंघोळ यांच्याच पंक्तीत बोलण्याला बसविले पाहिजे.

तथापि, ह्या अभ्यासपद्धतीची एक मर्यादा सांगणे प्राप्त आहे. मंमं, दुदू, गाई, भूर, बाऊ, हाऽ, शी, शू हे शब्द ध्वनिरचनेनुसार मांडले म्हणजे त्यांतील द्विरुक्ती, ओष्ठ्य वर्णांचे प्राबल्य वगैरे गोष्टी नजरेत भरतात. परंतु हेच शब्द सूर्योदयापासून रात्रीपर्यंत ज्या क्रमाने घरात उच्चारले जातात त्या क्रमाने मांडले, तर ती मुलाची दिनचर्या होते. खाणे, दूध, झोप, बाहेर हिंडणे, इजा, चटका, मलमूत्र एवढ्याच गोष्टींना शब्द आहेत, कारण एवढ्याच गोष्टींची मुलाला त्या वयात निकड असते. यादी आणि दिनक्रम यांतील हे नाते वर्णनात हरवते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. बाळबोलीच्या अभ्यासकाने मुलाशी बोलले जाणारे शब्द टिपले, मुलाविषयी बोलले जाणारे शब्द टिपले नाहीत. हा त्या अभ्यासाचा दोष नव्हे, तो त्याचा विषय नव्हता. परंतु संगोपनाचे खरे निर्णय दुसऱ्या प्रकारच्या शब्दांत घेतले जातात. आजी सुनेला जे सांगते, सून आशाताईला जे सांगते, आशाताई डॉक्टरांना जे कळविते, त्या शब्दांचा शोध अद्याप कोणी पद्धतशीरपणे घेतलेला दिसत नाही.

३

ह्या दुसऱ्या शब्दभांडाराची थोरवी प्रथम सांगितली पाहिजे, कारण पुढे त्याचे दोषही दाखवावयाचे आहेत.

मुलाच्या वाढीचे टप्पे सांगताना आपली पत्रके सामान्यतः ‘मानेवरील नियंत्रण’, ‘स्थूल स्नायूंचा विकास’, ‘सामाजिक प्रतिसाद’ अशी नामे वापरतात. घरात ह्याच गोष्टी क्रियापदांनी सांगितल्या जातात : नजर ठरली, हुंकार देऊ लागले, मान धरली, मूठ सुटली, कुशीवर वळले, पालथे पडले, बसू लागले, रांगू लागले, धरून उभे राहिले, पाऊल टाकले. ह्या मालिकेत कर्ता बहुधा मूल आहे. ‘विकास’ हे मुलाच्या ठिकाणी घडणारे काहीतरी आहे, ‘मान धरणे’ हे मुलाने केलेले कृत्य आहे. शिवाय घरातील प्रत्येक पद डोळ्यांनी पडताळता येण्याजोगे आहे. बहुतेक मुले तिसरा महिना संपता संपता किंवा चौथ्या महिन्यात मान धरतात, चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास पालथी पडतात, सहा ते आठ महिन्यांत आधाराशिवाय बसतात, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे, कधी पंधराव्या महिन्यापर्यंत, पाऊल टाकतात. ‘पाचवा सरत आला तरी अजून मान धरली नाही’ हे आजीचे वाक्य जसेच्या तसे डॉक्टरांच्या टिपणात उतरवून घ्यावे इतके नेमके आहे.

घरातील निरीक्षण किती सूक्ष्म असते याचे एक उदाहरण देतो. पहिल्या महिन्यात मूल झोपेत हसते, तेव्हा ‘सटवाई हसवते’ असे म्हणतात. दीड-दोन महिन्यांनंतर आईचा चेहरा पाहून ते हसते, तेव्हा सटवाईचे नाव निघत नाही, ‘आता ओळखून हसते’ असे म्हणतात. झोपेतील प्रतिक्षिप्त स्मित व माणसाला दिलेले स्मित हा भेद बालरोगशास्त्रही करते आणि दुसऱ्या स्मिताचा काळ सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराचा धरते. सटवाईवर आपला विश्वास असो वा नसो, भाषेने हा भेद नोंदविला आहे हे मान्य करावे लागते.

ह्या निरीक्षणाची परंपराही जुनी आहे. काश्यपसंहितेत वर्षाचे होऊनही पायांनी न चालणाऱ्या मुलाच्या ‘फक्क’ नामक व्याधीचे वर्णन असून त्याच्या उपचारात तीन चाकांचा रथ सांगितला आहे. आपल्या घरांतील लाकडी पांगुळगाडा त्याच जातीचा आहे. मूल त्यात बसत नाही, उभे राहून तो पुढे ढकलते. आज बाजारात मिळणाऱ्या, मुलाला मध्ये बसविण्याच्या चाकांच्या गाड्यांना बालरोगतज्ज्ञ विरोध करतात, कारण त्यांनी अपघात होतात आणि चालणेही लवकर येत नाही. सल्ला देणाऱ्याने सरसकट ‘वॉकर वापरू नका’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्या आजीला तो आपल्या पांगुळगाड्यावरील आक्षेप वाटतो. दोन वस्तूंना दोन नावे असताना एकाच परकीय शब्दाने दोहोंची गल्लत करण्याचे कारण नव्हते.

४

आता दोषाकडे. येथे एक घरगुती प्रसंग सांगणे भाग आहे. शोधपत्रिकेच्या पानांत त्याला जागा मागताना संकोच वाटतो, परंतु ह्या लेखाचा उगम त्याच प्रसंगात आहे.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात लेखकाची आठ महिन्यांची मुलगी व तिची आई खामगाव तालुक्यातील घरी होत्या आणि लेखक नोकरीच्या गावी होता. मुलीला पहाटेपासून पाण्यासारख्या शी होत होत्या. सकाळी लेखकाच्या आईचा दूरध्वनी आला, “लेकराची टायू खोल गेली. तेल भरा लागते.” लेखकाने काळजी व्यक्त केली आणि संध्याकाळपर्यंत पाहू, मग दवाखान्याचे ठरवू, असे सांगितले. संध्याकाळी पुन्हा निरोप आला, “टायू भरली. फिकर नको करू.” खोल गेलेली टाळू भरून आली, म्हणजे मुलगी सावरली, असा अर्थ घेऊन लेखक निश्चिंत झाला. आईने मात्र टाळूवर तेल भरल्याचे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी रडली तर डोळ्यांत पाणी येईना, तेव्हा तिला दवाखान्यात हलविले. शिरेतून सलाईन द्यावे लागले. मुलगी बरी झाली. एक रात्र मात्र वाया गेली होती, आणि ती एका वाक्याच्या दोन अर्थांमुळे गेली होती. त्या वाक्याचे व्याकरण शिकविण्याचा लेखकाचा व्यवसाय होता, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

वाक्याची फोड सोपी आहे. मराठीत ‘भरणे’ हे क्रियापद अकर्मकही आहे व सकर्मकही. ‘घागर भरली’ म्हणजे घागर आपोआप भरली असेल किंवा कोणी ती भरली असेल. भूतकाळी कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माशी मिळते, आणि कर्ता अध्याहृत ठेवला की दोन्ही वाक्ये अक्षरशः एक होतात. ‘टाळू भरली’ याचे दोन अर्थ असे : (अ) टाळूचा खळगा भरून आला, (आ) कोणी टाळूवर तेल भरले. पहिला अर्थ मुलाच्या अवस्थेचा, दुसरा मोठ्यांच्या कृतीचा.

परंतु केवळ संदिग्धता दाखवून थांबलो तर विवेचन अपुरे राहील. एकाच शब्दरूपात दोन अर्थ नांदत असल्याने त्यांच्यामध्ये कार्यकारणाचा पूल बांधला जातो. तेल ‘भरले’ की टाळू ‘भरते’, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकण्यास हा शब्द साह्यभूत होतो. वस्तुतः पुढची टाळू हाडांच्या वाढीने भरते आणि सामान्यतः नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान मिटते. तिच्याशी तेलाचा संबंध नाही. आजारात ती खोल जाते ती अंगातले पाणी कमी झाल्यामुळे, आणि वर येते ती ते पाणी परत मिळाल्यामुळे.

आता पुस्तकाची भाषा पाहावी. तेथे ‘निर्जलीकरणाची लक्षणे’ अशा मथळ्याखाली टाळू खोल जाण्याचा उल्लेख येतो. आशय निर्दोष आहे. परंतु ‘निर्जलीकरण’ हा शब्द आजीच्या कोशात नाही, आणि ‘टाळू खोल जाणे’ हा तिच्या कोशातील शब्द तेल ह्या उपायाशी आधीच बांधलेला आहे. यास्तव पत्रकाने लक्षण सांगून थांबणे पुरेसे नाही, ही जुनी गाठ सोडविली पाहिजे. ‘टाळू खोल गेली म्हणजे अंगातले पाणी आटले, तेलाने ती वर येत नाही, अंगावर वरचेवर पाजावे, जलसंजीवनी द्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा,’ असे वाक्य लिहिता आले असते. तोंडाने द्यावयाच्या क्षारपाण्याला ‘जलसंजीवनी’ हे नाव ज्याने दिले त्याला भाषेची जाण होती. तीच जाण लक्षणांच्या बाबतीत दाखविली गेली नाही.

५

दुसरे उदाहरण आहाराचे. पहिले सहा महिने मुलाला केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २००१ सालापासूनची शिफारस आहे. मराठीत ती ‘सहा महिने निव्वळ स्तनपान’ अशी येते. ‘स्तनपान’ हा शब्द बायका आपसांत उच्चारीत नाहीत. त्या ‘अंगावर पाजणे’ असे म्हणतात. म्हणून दयाळू कार्यकर्ती त्याचे भाषांतर ‘फक्त अंगावरचं द्या, वरचं देऊ नका’ असे करते. हे भाषांतर सोपे आहे, परंतु त्यात गफलत आहे.

‘अंगावरचे’ आणि ‘वरचे’ ही जोडी दुधाची आहे. गाईचे, म्हशीचे, शेळीचे वा डब्याचे दूध ते वरचे. पाणी हे वरचे दूध नव्हे, गुटी तर औषधच, आणि मध म्हणजे एक बोट. ह्या गोष्टी त्या जोडीच्या कक्षेबाहेर पडतात. क्रियापदांनीही हीच विभागणी पक्की केली आहे. मराठीत मुलाच्या तोंडी काही देण्यासाठी निदान तीन क्रियापदे आहेत : दूध पाजतात, घास भरवतात, गुटी चाटवतात. सल्ला पाजणे व भरवणे यांविषयी असतो, चाटवणे त्यातून सुटते. अशा स्थितीत ‘वरचं काही देता का?’ ह्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारी आई खरेच बोलत असते, आणि तिच्या मागे सहाणेवर मुरडशिंग उगाळलेले असू शकते. नोंदवहीत ‘निव्वळ स्तनपान’ अशी खूण होते. कोणी खोटे बोललेले नाही, तरीही नोंद खोटी आहे.

चाटवण्याचा वर्ग स्वतंत्र आहे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. काश्यपसंहितेत ‘लेहाध्याय’ म्हणून एक अध्यायच आहे आणि कोणास लेह द्यावा, कोणास देऊ नये, याचा विचार त्यात केला आहे. आज त्या विचारात भर घालावयाची ती एवढीच की, वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवू नये, कारण त्यातून क्वचित प्रसंगी एक घातक जंतुविष बाधते. आणि पाण्याविषयी सांगावयाचे ते असे की, आईच्या दुधात शेकडा ८७-८८ भाग पाणीच असते. बुलढाण्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, ‘लेकराले तहान लागली असंन’ ह्या वाक्यामागील माया खरी आहे. तिला उत्तर द्यावयाचे तर ‘तहान लागली तरी अंगावरच पाजा, त्यातच पाणी आहे’ असे द्यावे लागेल. म्हणजे प्रश्न ‘वरचं देता का?’ असा न विचारता ‘आजवर काय पाजलं, काय भरवलं, काय चाटवलं?’ असा तीन क्रियापदांनी विचारला पाहिजे.

सहा महिन्यांनंतरच्या आहारातही असेच घडते. पत्रक ‘मऊ, पातळसर पूरक आहार’ असे म्हणते. घरात ‘पातळ’ याचा अर्थ वरणावरचे पाणी, भाताची पेज. ही पोट भरते, अंग भरत नाही. वैद्यकाला अभिप्रेत असते ते चमचा कलता केला तरी चटकन ओघळणार नाही असे, कुस्करलेले घट्टसर अन्न. मऊपणा हा दाताचा गुण, पातळपणा हा पाण्याचा. दोन विशेषणे शेजारी ठेवली की घर सोपे ते निवडते. ‘वरणाचे पाणी नको, वरण कुस्करून’ असे म्हटले असते तर अर्थ ढळला नसता.

ह्या दोषांच्या बरोबर एक यशही नोंदविले पाहिजे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांतील पिवळसर घट्ट दूध जड, घाण म्हणून पिळून टाकण्याची चाल पुष्कळ घरांत होती. आरोग्यशिक्षणाने त्याला ‘कोलोस्ट्रम’ न म्हणता ‘चिकाचे दूध’ म्हटले. गाय-म्हैस व्याल्यानंतरचा चीक हा वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरी मोलाचा. त्याचा खरवस शेजारीपाजारी वाटतात, आणि वासराला तो मिळाला पाहिजे हे प्रत्येक गुराख्याला माहीत असते. एका शब्दाने ते सर्व ज्ञान गोठ्यातून बाळंतिणीच्या खोलीत आणले. परिभाषा कशी घडवावी याचा हा वस्तुपाठ आहे. घरात जे मूल्य आधीच मान्य आहे त्याला जोडून घेणारा शब्द निवडला गेला.

६

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शास्त्राला काटेकोर परिभाषा लागते, लोकांचे शब्द सैल असतात. यावर उत्तर असे की, वरील उदाहरणांत सैलपणा लोकांच्या शब्दांत नाही. पाजणे, भरवणे व चाटवणे यांतील भेद ‘देणे’ ह्या पत्रकी क्रियापदाहून अधिक काटेकोर आहे. अडचण उद्भवते ती दोन काटेकोर व्यवस्था एकमेकींवर न जुळता ठेवल्यामुळे. वैद्यकाने आपली परिभाषा सोडावी असे कोणी म्हणणार नाही. घराच्या उंबऱ्यावर मात्र तिचा दुभाषा हवा.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. घरातील शब्दांत परंपरेचे शहाणपण असेल, तर त्यांत हस्तक्षेप का करावा? याचे उत्तर ‘टाळू भरली’ ह्या प्रकरणात आले आहे. तोच शब्दसंग्रह सटवाईच्या हसण्यातील सूक्ष्म भेद टिपतो आणि तोच तेलाला औषध ठरवितो. ‘बाळसे’ हा किती गोड शब्द आहे! परंतु दृष्टीच्या भीतीने बाळसे बोलून दाखवू नये, अशी त्याला मर्यादा आहे, आणि मुलाचे वजन करून आकडा सांगणे हे त्या भीतीला डिवचणारे ठरते. शिवाय कुपोषणाने आलेली सूजही अजाण नजरेला बाळसेच वाटते. परंपरेचा गौरव करणे आणि परंपरा तपासणे ही कामे एकाच अभ्यासकाने केली पाहिजेत.

हे काम अशक्य नाही, याची साक्ष विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात मुलांच्या घरगुती सेवेचे शिक्षण दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. त्या यशाची कारणे वैद्यकीय आहेत, परंतु सेवा देणारी व घेणारी एकाच बोलीच्या असणे हे त्यांतील गौण कारण मानता येणार नाही. २०११ साली देशभर स्वीकारलेल्या योजनेत प्रसूती दवाखान्यात झाली असल्यास आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ व ४२ ह्या दिवशी घरी जावे असे ठरले. आपल्या पाळण्यांच्या गीतांतही पहिल्या दिवसापासून बारशापर्यंत दिवस मोजण्याची रीत आहे. दोन्ही गणनांच्या मागे एकच जाणीव आहे : हे दिवस धोक्याचे आहेत, एकेक करून मोजावे इतके धोक्याचे. आशाताईची भेट ही मुळात भाषिक घटना आहे. ती काय विचारते, कोणत्या शब्दांत विचारते आणि मिळालेले उत्तर कोणत्या रकान्यात घालते, यावर त्या भेटीचे फलित ठरते.

७

शेवटी व्याकरणातील एका लहानशा गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. बाळ, मूल, लेकरू, तान्हे हे मराठीतील सर्व शब्द नपुंसकलिंगी आहेत. ‘ते रडते’, ‘ते निजले’, ‘त्याने मान धरली’ असे आपण मुलाविषयी बोलतो, मग ते मुलगा असो वा मुलगी. भूक, झोप, ऊब, स्वच्छता, बोलणे ह्या त्या वयाच्या गरजांत लिंगभेद नाही आणि व्याकरणही तो मानीत नाही. समाजाने मात्र तो मानला. ज्या जिल्ह्यात सिंदखेड राजा येथे जिजाऊंचा जन्म झाला, त्या बुलढाणा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या. भाषेने दिलेले समत्व आचरणात आपोआप उतरत नाही, ह्याची ही कटू नोंद आहे. शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने शब्दांच्या सामर्थ्याविषयी बोलताना ती विसरू नये.

ह्या विभागातील विद्यार्थ्यांपुढे म्हणूनच एक काम ठेवावेसे वाटते. जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत फिरून, आजी, आई, सुईण, आशाताई व अंगणवाडीताई यांच्याशी बोलून, मुलाविषयी बोलल्या जाणाऱ्या शब्दांचा कोश सिद्ध करावा. प्रत्येक नोंदीत शब्दाचा अर्थ तर द्यावाच, पण त्या शब्दात काय येते, काय येत नाही, आणि त्याच्याशी कोणता उपाय बांधलेला आहे, हेही लिहावे. ‘टाळू’च्या नोंदीपासून प्रारंभ करावा. लेखकाच्या आईने हा लेख ऐकल्यावर विचारले, “मंग मी काय म्हनाले पाह्यजे होतं?” ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी तिची नव्हती, ती आपली आहे.